खेळण्यास तंदुरुस्त

मुबश्शिर पडला तेव्हा नारळावर नारळ आपटावा तसा आवाज झाला. मैदानाच्या कडेला फक्कीचं घमेलं घेऊन उभे असलेल्या दौलतरावांना तो स्पष्ट ऐकू आला. बाकी कोणाला आला नाही, कारण बाकी सगळे चेंडूकडे पाहत होते.

वाशीमच्या कॉलेजचं मैदान, आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा उपांत्य सामना, सोमवारचा दिवस. दौलतराव इंगोले कॉलेजच्या जिमखान्यात शिपाई. मैदानावर रेघा मारायच्या, जाळ्या बांधायच्या, चेंडूत हवा भरायची, कागद सांभाळायचे. मुबश्शिर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, संघाचा सगळ्यात जोरात पळणारा पोरगा. हेडर मारायला तो उडाला आणि समोरच्या संघाच्या धिप्पाड पोराचं डोकं त्याच्या कानावर आदळलं. पडल्यावर तीस आकडे मोजावेत इतका वेळ तो हलला नाही. डोळे मात्र उघडे होते.

उत्कर्ष सर पाण्याची बाटली घेऊन धावले. हे क्रीडाशिक्षक. बत्तीस-तेहतीसचे, अंगानं काटक, बोलायला गोड. त्यांनी पोराच्या तोंडावर पाणी मारलं.

"नाव काय तुझं?"

"मुबश्शिर."

"कॉलेज कोणतं?"

त्यानं सांगितलं.

"झालं मग. ऊठ, वाघ आहेस तू."

ही सरांची तपासणी. नाव आणि कॉलेज. पायाला लागलं असेल तर थंड स्प्रे आणि दोरीसारखी आवळलेली पट्टी. डोक्याला लागलं असेल तर नाव आणि कॉलेज. तीन वर्षांत तिसरा उपाय दौलतरावांनी पाहिला नव्हता. जऊळक्याचा मदनसिंग अशाच आवळलेल्या पट्टीवर दोन सामने खेळला होता. घोट्याचं हाड मोडलेलं आहे हे त्याला दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर कळलं. आता तो धान्याच्या काट्यावर बसतो आणि चालताना एक खांदा खाली जातो.

मुबश्शिर उठला आणि खेळायला लागला. पहिलाच चेंडू त्यानं समोरच्या संघाच्या पोराला दिला. मग धावत कडेला आला.

"मामा, किती झाले?"

"दोन-एक. आपले दोन."

दोन मिनिटांनी परत आला. "मामा, किती झाले?"

"आता सांगतलं ना बे. दोन-एक."

तो हसला. थोड्या वेळानं तिसऱ्यांदा येऊन त्यानं तेच विचारलं, तेव्हा दौलतरावांनी घमेलं खाली ठेवलं. अकरा मिनिटं तो पोरगा तसा खेळला. मग गोलच्या जाळीमागे जाऊन ओकला. तेव्हा कुठे पंचानं त्याला बाहेर काढलं आणि तक्त्यावर लिहिलं, डोक्याला मार, पुढच्या सामन्याआधी डॉक्टरचं प्रमाणपत्र आणणे.

सामना जिंकला. पोरांनी सरांना खांद्यावर घेतलं. मुबश्शिर पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता, तिथे तो आणखी दोनदा ओकला. दौलतरावांनी त्यावर फक्की टाकली आणि सरांपाशी गेले.

"सर, याले अकोल्याले न्या. डोक्याचं काम हाये."

"उपाशी खेळलाय तो, मामा. पित्त आहे. झोपला की सकाळी ताजातवाना."

त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मधात बसवून घरी पाठवलं, पोतं नेतात तसं.

मंगळवारी सर जिमखान्यात आले आणि खुर्चीवर बसता बसता म्हणाले, "मामा, फिटचा एक कागद काढा. मुबश्शिरच्या नावाचा. गुरुवारची फायनल आहे."

हा फिटचा कागद काय, ते सांगितलं पाहिजे. दर वर्षी संघ पाठवताना प्रत्येक खेळाडूचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. साठ-सत्तर पोरं दवाखान्यात कोण नेणार? म्हणून गावातला एक डॉक्टर दहा-दहा कागदांवर एकदमच सही-शिक्का करून देई. नाव कोरं, तारीख कोरी. बदल्यात कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमात त्याला पुढची खुर्ची आणि शाल-श्रीफळ. कागद आणायला जात दौलतराव. नावं भरत दौलतराव, कारण त्यांचं अक्षर चांगलं. "वरील खेळाडूची मी स्वतः तपासणी केली असून तो खेळण्यास तंदुरुस्त आहे." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की ते वाचायचं असतं हेच विसरून गेले होते. कोणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. सरांना नाही, प्राचार्यांना नाही, डॉक्टरला नाही. दौलतरावांनाही नाही.

वाटलं ते चंपाबाई गेल्यावर.

त्यांची बायको चंपाबाई मेडशीच्या बाजूच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. मागच्या वर्षी तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं. तीन महिने जड उचलू नका, असं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरणीनं बजावलं होतं. पंचविसाव्या दिवशी शाळेतून निरोप आला, कामावर येता की दुसरी बाई ठेवू? येणार असाल तर फिटचा कागद आणा. चंपाबाई म्हणाली, "अवो, तुमच्यापाशी तर गठ्ठा असते ना कागदाचा?" आणि दौलतरावांनी कपाट उघडलं. "खेळण्यास" या शब्दावर काट मारली, वर "कामावर येण्यास" लिहिलं, वर तिचं नाव. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं. सहाव्या दिवशी तिनं वरणाचं भगोणं उतरवलं आणि तिथेच बसली. अकोल्याच्या रस्त्यावर गाडीतच गेली. पोळ्याचा आठवडा होता.

सव्वा वर्ष झालं. घरी कोणी त्यांना बोल लावला नाही. उलट सगळे म्हणाले, तिचं तेवढंच होतं. हे वाक्य ऐकलं की दौलतरावांच्या अंगाची आग होत असे. तिचं तेवढंच नव्हतं. तेवढंच त्यांनी लिहून दिलं होतं.

"मामा, ऐकलं का? कागद."

"मी नाही भरत, सर."

"काहून?" सर गंमत समजून वऱ्हाडीत उतरले. "अक्षर बिघडलं का तुमचं?"

"पोरगं कालपासून उजेडाकडे पाहून नाही राह्यलं. त्याच्या दोस्तानं सांगतलं. त्याले पाहल्याबिगर कागद कायचा?"

सरांनी दार लोटून घेतलं. "हे बघा. तीन वर्षं मी तासिकेवर आहे. फायनल जिंकली तर माझी कायम नेमणुकीची फाइल हलेल, असं प्राचार्य बोललेत. आणि त्या पोराचंही भलंच आहे. विद्यापीठाच्या संघाची निवड त्याच दिवशी आहे. निवड झाली तर पुढे पोलीस भरतीला खेळाडूचा कोटा. मी त्याच्या वाईटावर आहे का?"

"तुमी त्याच्या वाईटावर नाही. तुमाले तो दिसूनच नाही राह्यला."

सर उठले, कपाट उघडलं, गठ्ठ्यातला वरचा कागद काढून स्वतः भरला. गिचमिड अक्षरात. जाताना म्हणाले, "वहिनी गेल्यापासून तुम्हाला सगळीकडे मरणच दिसतं, मामा. रजा घ्या थोडी."

दौलतराव प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य म्हणाले, क्रीडा विभागाचं क्रीडा विभागात बोला. संपलं. ज्याच्या सहीशिवाय कॉलेजात खडूचा खोका येत नाही, त्या माणसाकडे पोराच्या डोक्यासाठी वेळ नव्हता.

बुधवारी ते मुबश्शिरच्या वडिलांच्या दुकानावर गेले. बदरुद्दीन मोटारसायकलच्या सीटची कव्हरं शिवायचे. पुढे ते रेक्झिन ताणत, मागे पडद्याआड त्यांची बायको सितारा मशीन चालवी.

"आओ दौलतभाऊ! सर येऊन गेले सकाळी. बोलले, पोट्टा शेर हाये. च्या पेले इथंच."

"बदरूभाई, पोराले उद्या उतरवू नका."

"सर बोलले, डॉक्टरनं पाह्यलं. कागद दाखवला मले. शिक्का होता."

"कोणत्या डॉक्टरनं? पोरगा गेलता का दवाखान्यात?"

बदरुद्दीननं कात्री खाली ठेवली. "मी पहिल्या दिवशीच सांगलं होतं सरले, चमडी तुमची, हड्डी आमची. उस्तादाच्या कामात बापानं बोलू नाही. आता मी जाऊन त्यायले इचारू, का सर, तुमी झूट बोलता?"

"हो. इचारा."

"तुमच्या घरी जे झालं, त्याचं मलेबी दुख हाये, भाऊ. पण ते माह्या पोरावर कायले काढता?"

दोन दिवसांत दुसऱ्यांदा हेच. बायको मेलेल्या माणसाचं कोणी खरं धरत नाही. तो रडला तर बिचारा, आणि बोलला तर डोक्यावर परिणाम. दौलतराव चपला घालत होते, तेवढ्यात मशीन थांबली. सितारा पडद्यामागूनच म्हणाली,

"भाऊ, तिथं मैदानात उल्टी झालती का त्याले?"

"तीनदा."

"घरी दोनदा झाली. मले बोलला, समोसा बाधला."

मशीन परत सुरू झाली नाही. दौलतराव निघाले.

गुरुवारी मंडप होता, गाद्यांच्या खुर्च्या होत्या, आणि पहिल्या खुर्चीवर प्रमुख पाहुणा म्हणून तोच डॉक्टर होता. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. मंडपाच्या बाजूला टेबल टाकून स्पर्धेचे निरीक्षक भाऊसिंग सर बसले होते. मानोऱ्याकडचे, निवृत्त, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, कडक म्हणून नाव. त्यांच्यापुढे खेळाडूंचे कागद होते. मुबश्शिर बूट बांधत होता. नाडीची गाठ त्याला तीन वेळा घालावी लागली. दौलतरावांनी ते पाहिलं आणि ते टेबलापाशी गेले.

"साहेब, बारा नंबरचा, मुबश्शिरचा कागद आला का?"

"आला ना." भाऊसिंगांनी कागद वर धरला. "सही, शिक्का, सारं हाये. काहून?"

दौलतरावांनी सदऱ्याच्या खिशातून घडी काढली आणि टेबलावर उलगडली. सात कागद होते.

"हे त्याचेच भाऊबंद हायेत, साहेब. सही हाये, शिक्का हाये. नाव नाही, तारीख नाही. तुमाले पाहिजे तर तुमच्या नावानं भरून देतो. तुमीबी उतरा खेळाले, गुडघ्यासगट."

आजूबाजूची पोरं फिस्सकन हसली. भाऊसिंग हसले नाहीत. उत्कर्ष सर लगबगीनं आले.

"मामा, तुम्ही तिकडे पाहुण्यांच्या चहाचं बघा बरं."

"चहा तीन वर्षं पाह्यला, सर. आज हे पाहू द्या."

"साहेब, यांची बायको वारलीय. जरा मनावर..."

"हो, वारली," दौलतराव म्हणाले. "कशी वारली तेबी सांगतो. पेन द्या, साहेब."

त्यांनी टेबलावर वाकून एक कागद भरला. खेळाडूचे नाव: चंपाबाई दौलतराव इंगोले. वय: बावन्न. खेळ: फुटबॉल. दिनांक: आजचा. मग तो कागद घेऊन ते सरळ मंडपात गेले आणि डॉक्टरपुढे धरला.

"साहेब, ही सही तुमची?"

डॉक्टरनं चष्मा लावला. "माझीच आहे. काय अडचण आहे?"

"या खेळाडूले तुमी आज तपासलं?"

"लिहिलंय ना तसं."

"बाई हाये, साहेब."

"मुलींचाही संघ असतो आता," डॉक्टर बाजूच्या प्राचार्यांकडे पाहून हसला.

"बावन्न वर्षांची हाये. माही बायको हाये. मांगच्या सालच्या पोळ्याले मेली." दौलतरावांचा आवाज चढला नव्हता, पण ध्वनिक्षेपक लावणारा माणूससुद्धा काम सोडून पाहत होता. "मेलेल्या बाईले तुमी आज फुटबॉलसाठी फिट केलं, साहेब. जिती होती तवाबी तुमीच फिट केलं होतं. नाव म्या भरलं होतं, पण सही हीच होती. माहा हात तुटला नाही, आन् तुमचाबी नाही. आता त्या पोराले तरी सोडा."

डॉक्टरच्या मांडीवरचा नारळ घरंगळून खाली गेला. कोणी उचलला नाही. प्राचार्य म्हणाले, "दौलतराव, हे बोलायची ही जागा आहे का?" आणि दौलतराव म्हणाले, "तुमच्या खोलीत बोललो होतो, साहेब. मंगळवारी."

तोवर बदरुद्दीन टेबलापाशी पोचले होते. मागे काळ्या बुरख्यात सितारा, हातात पिशवी. ते फायनल पाहायला आले होते. ती मात्र घरूनच पोराचे कपडे आणि पाण्याची बाटली घेऊन निघाली होती. बदरुद्दीननं टेबलावरचा एक कोरा कागद उचलला. उलटा केला, सुलटा केला, शिक्क्यावर बोट फिरवलं.

"हाच शिक्का मले दाखवला होता, सर?"

"बदरूभाई, मी समजावतो..."

"चमडी तुमची बोललो होतो मी. पोरगं इकलं नव्हतं तुमाले." "माह्या दुकानात बसून माही च्या पेऊन झूट बोलले तुमी. मी सीट शिवतो, तर आधी गाडी पाह्यतो. तुमी माह्या पोट्ट्याकडं पाह्यलं बी नाही?"

सर दौलतरावांकडे वळले आणि दात आवळून म्हणाले, "सगळ्या जुन्या कागदांवर अक्षर कोणाचं आहे? मी गेलो तर तुम्हीही जाल."

"जाईन ना."

एवढंच. दोन माणसं एकाच खोट्यात अडकलेली असली की एकाला दुसऱ्याच्या भीतीचा भरवसा असतो. तो भरवसा गेला होता.

भाऊसिंग सरांनी यादीतल्या बारा नंबरावर काट मारली. "दुसरा खेळाडू द्या, नाहीतर दहा जणांनी खेळा. आन् हे आठबी कागद माह्यापाशी राहतीन." मग ते हळूच दौलतरावांना म्हणाले, "हे म्याबी केलं हाये, बाप्पा. पस्तीस वर्षं."

दौलतरावांना त्यांची दया आली नाही.

मुबश्शिरला कळलं तेव्हा त्यानं एक बूट काढून दौलतरावांच्या दिशेनं फेकला. तो भलत्याच ठिकाणी, ढोलवाल्याच्या पायाशी जाऊन पडला. "मामा, माही जिंदगी खराब केली तुमी! आज निवड होती माही! तुमाले कोणी सांगलं होतं मधात पडाले?"

"कोणी नाही सांगतलं."

"मंग?"

सितारानं पोराचा दंड धरला. "चल. अकोल्याची गाडी हाये साडेतीनची." आणि मग दौलतरावांकडे वळून, "भाऊ, तुमीबी चला. कवा पडला, कितीदा ओकला, ते तुमीच पाह्यलं. आमाले तर कोणी खरं सांगलंच नाही."

दौलतराव रजा न मागताच निघाले. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

एसटीत मुबश्शिर खिडकीला डोकं टेकून बसला. मेडशी आलं, गेलं. पुढच्या वळणावर दौलतरावांनी डोळे मिटून घेतले आणि गाडीचा आवाज बदलेपर्यंत उघडले नाहीत.

अकोल्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पोराच्या डोळ्यांत उजेड मारून पाहिलं, एका रेषेत चालायला लावलं, बारा महिने उलटे म्हणायला लावले. तो मार्चपाशी अडकला. कधी पडला, किती वेळ हलला नाही, उलट्या किती, ती विचारत गेली आणि दौलतराव सांगत गेले.

"पडल्यावर परत खेळला?"

"अकरा मिनिटं."

तिनं लिहिणं थांबवलं. "आणि आज पुन्हा उतरणार होता? परवानगी कोणी दिली?"

"सरनं," बदरुद्दीन म्हणाले.

"थांबा, बदरूभाई. पहिल्यापासून सांगतो," दौलतराव म्हणाले, आणि कपाटातल्या गठ्ठ्यापासून त्यांनी सांगायला सुरुवात केली. स्वतःचं नाव सगळ्यात आधी घेतलं. डॉक्टरीण ऐकता ऐकता लाल झाली. कागदावर तिनं पेन इतकं दाबलं की खालच्या पानावर वळ उठले असतील.

डोक्याचा फोटो काढला. आत रक्त नव्हतं. बदरुद्दीननं दोन्ही हात वर केले, सितारा बाकावर बसली आणि तोंडाला बुरख्याची कड लावून रडली. डॉक्टरणीनं एक महिना चेंडूला पाय लावायचा नाही असं लिहून दिलं आणि महिन्यानं परत दाखवायला सांगितलं. "फोटो चांगला आला म्हणजे डोकं बरं झालं असं नाही," ती म्हणाली. "त्याला बारा महिने उलटे म्हणता येत नाहीयेत."

तेवढ्यात दौलतरावांचा फोन वाजला. कॉलेजचा क्लार्क होता. तीन-शून्यनं हरले. उद्या अकराला प्राचार्यांनी बोलावलंय, लेखी खुलासा घेऊन या.

"येतो," दौलतराव म्हणाले.

बाहेर ओसरीत मुबश्शिर त्यांच्याजवळ आला. उजेडामुळे डोळ्यांवर हात धरलेला.

"मामा, काहीच निघालं नाही ना फोटोत?"

"नाही."

"मंग खेळू द्यायचं होतं ना. सर बोलतीन, पाह्य, मी सांगतच होतो."

"बोलू दे."

"तुमाले काय भेटलं मंग?"

दौलतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांचं पोरगं, ओठ सुकलेले, अजून रागावलेलं.

"काही निघालं नाही, हे तुले पाहल्यावर कळलं ना बे," ते म्हणाले. "सोमवारपासून मी तेवढंच मांगून राह्यलो होतो. कोणीतरी पाहा म्हणून."

मुबश्शिरनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "माहा एक बूट मैदानातच राह्यला."

"महिनाभर कोणाले पाहिजे तो," दौलतराव म्हणाले, आणि पाणी आणायला गेले.